एका अक्षराचे वजन

खताच्या पन्नास किलोच्या गोणीवर १०:२६:२६ असे आकडे मोठ्या टाइपात छापलेले असतात आणि त्यांच्यासोबत तीन रोमन अक्षरे असतात: एन, पी, के. शेतकरी ती नत्र, स्फुरद, पालाश अशी वाचतो. एन म्हणजे नायट्रोजन, पी म्हणजे फॉस्फरस. इथवर नाव आणि अक्षर जुळते. के कुठून आला? पोटॅशियमच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ते अक्षरच नाही. रक्ततपासणीच्या कागदावरही तोच प्रकार: सोडियमला एनए, पोटॅशियमला के. ३.५ ते ५ च्या दरम्यान असला की डॉक्टर निश्चिंत होतात आणि फार वाढला की हृदयाच्या ठोक्यांची काळजी करू लागतात. ते अक्षर के का, हे विचारायला तिथे कुणाला सवड नसते.

शाळेत या संज्ञा पाठ करून घेतात आणि बहुतेक मुले एक समजूत घेऊन बाहेर पडतात, की संज्ञा म्हणजे नावाचे छोटे रूप. ही समजूत अपुरी आहे आणि तिच्यामुळे रसायनशास्त्राची अर्धी गंमत हातची जाते. संज्ञेला वजन असते, अगदी तराजूवर तोलायचे वजन. ते तिला मिळवून देण्यासाठी एका माणसाने उमेदीची वर्षे तराजूसमोर काढली.

अक्षरांच्या आधी चित्रे होती. युरोपातल्या किमयागारांनी सात धातू सात ग्रहांना वाटून दिले होते. आपल्या वारांच्या क्रमाने सांगायचे तर रवीला सोने, सोमाला चांदी, मंगळाला लोखंड, बुधाला पारा, गुरूला कथिल, शुक्राला तांबे आणि शनीला शिसे. धातू लिहायचा म्हणजे त्या ग्रहाचे चिन्ह काढायचे. मंगळाचा बाण असलेला गोल आणि शुक्राचा खाली फुली असलेला गोल आज जीवशास्त्रात नर आणि मादी दाखवतात. ती चिन्हे एके काळी लोखंड आणि तांबे यांचीही होती. पण ग्रह सातच आणि पदार्थ शेकडो. शिवाय प्रत्येक किमयागाराची आपली वेगळी चिन्हे असत, कारण ज्ञान उघड करण्यापेक्षा झाकून ठेवण्याकडेच बहुतेकांचा कल होता. फ्रान्सच्या आंत्वान लाव्हाझिएने १७८९ मध्ये मूलद्रव्यांची यादी छापली तेव्हा तिच्यात ३३ नोंदी होत्या. प्रकाश आणि उष्णता यांचाही त्यांत समावेश होता. त्या दोन पुढे गळाल्या, पण यादी वाढतच गेली.

चिन्हाचा अर्थ बदलला तो मँचेस्टरमध्ये शिकवण्या करणाऱ्या जॉन डाल्टनमुळे. १८०३ च्या सप्टेंबरमध्ये त्याने आपल्या वहीत काही वर्तुळे काढली. त्याच्या पद्धतीत रिकामे वर्तुळ म्हणजे ऑक्सिजन, मध्यभागी टिंब असलेले म्हणजे हायड्रोजन, आत उभी रेघ असलेले म्हणजे नायट्रोजन, पूर्ण काळे भरलेले म्हणजे कार्बन. वर्तुळे पूर्वीही काढली जात. डाल्टनचे वर्तुळ मात्र एका अणूचे होते. ते काढले की त्या मूलद्रव्याचा एकच अणू आणि त्याचे ठरावीक वजन कागदावर आले. दोन वर्तुळे शेजारी काढली की संयुगाचा एक कण झाला. माझ्या मते आधुनिक रसायनशास्त्राचे लिखाण इथून सुरू होते. पण धातूंची वेळ आली तेव्हा डाल्टनची चित्रे संपली आणि त्याने वर्तुळात इंग्रजी आद्याक्षरे घातली: लोखंडाला आय, तांब्याला सी. या चिन्हांचे खिळे छापखान्याला खास पाडून घ्यावे लागत. आणि इंग्लंडबाहेरच्या वाचकाने आय म्हणजे लोखंड हे का मानावे?

हे दोन्ही प्रश्न योन्स याकोब बर्झेलियसने सोडवले. त्याचा जन्म १७७९ चा, स्वीडनमधला. शिक्षणाने डॉक्टर, स्टॉकहोममध्ये वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना रसायनशास्त्र शिकवणारा. आपल्या विद्यार्थ्यांसाठी तो पाठ्यपुस्तक लिहायला बसला आणि त्याच सुमारास त्याच्या हाती नव्या अणुसिद्धांताच्या बातम्या आल्या. मूलद्रव्ये ठरावीक प्रमाणातच एकत्र येतात हे खरे असेल, तर ते प्रत्येक मूलद्रव्यासाठी तोलून दाखवायला हवे, असे त्याच्या मनाने घेतले. पुढच्या दशकभरात त्याने सुमारे दोन हजार संयुगांचे विश्लेषण केले.

तो कसल्या जागेत काम करत असे हे कळले की माझे मन भरून येते. १८२३ मध्ये फ्रीड्रिख व्होलर हा जर्मन तरुण शिकायला म्हणून त्याच्याकडे गेला. मोठ्या प्रयोगशाळेची कल्पना करून गेलेल्या व्होलरला दोन साध्या खोल्या दिसल्या. गॅस नाही, नळाचे पाणी नाही, धूर बाहेर नेणारी व्यवस्था नाही. शेजारच्या स्वयंपाकघरात आना नावाची बाई स्वयंपाक करत होती आणि तिथेच छोटी भट्टी मांडलेली होती. आना घर सांभाळायची आणि प्रयोगाची भांडीही धुवायची. वर्षानुवर्षे हे करता करता ती प्रयोगात मदत करू लागली आणि तिला पदार्थांची नावेही पाठ झाली. व्होलरने लिहून ठेवलेली एक आठवण अशी. भांडे घासता घासता आना म्हणाली, याला ऑक्सिडाइज्ड म्युरिअ‍ॅटिक आम्लाचा वास येतोय. बर्झेलियसने तिला सांगितले, आता तसे म्हणायचे नाही, क्लोरीन म्हणायचे, ते बरे. इंग्रज रसायनतज्ज्ञ हंफ्री डेव्हीने १८१० मध्येच क्लोरीन हे मूलद्रव्य आहे असे सांगून त्याला ते नाव दिले होते. बर्झेलियस मात्र त्याच्या आत ऑक्सिजन दडलेला आहे या मतावर बरीच वर्षे अडून बसला होता. आपले मत मोडले आहे, याची कबुली त्याने स्वयंपाकघरात दिली, आणि ती नाव बदलून दिली. मूलद्रव्याचे नाव हा त्याच्याविषयीच्या सिद्धांताचा भाग असतो, हे मला या प्रसंगाइतके स्पष्ट दुसरीकडे कुठे भेटलेले नाही.

इतक्या पदार्थांच्या नोंदी ठेवायच्या म्हणजे लिहायची सोपी रीत हवी. ती बर्झेलियसने १८१३-१४ मध्ये लंडनच्या ‘अ‍ॅनल्स ऑफ फिलॉसॉफी’ या नियतकालिकात मांडली. चिन्हे लिहायला सोपी असावीत आणि छापलेल्या पानाची शोभा घालवणारी नसावीत, म्हणून ती अक्षरेच असावीत, असे त्याचे म्हणणे होते. अक्षरे लॅटिन नावांची घ्यायची. अधातूला एकच आद्याक्षर. धातूचे आद्याक्षर कुणाशी जुळत असेल तर सोबत दुसरे अक्षर. पहिली दोन्ही अक्षरे जुळत असतील तर दुसऱ्या जागी वेगळे पडणारे पहिले व्यंजन. गंधक म्हणजे सल्फर, त्याला नुसता एस. सिलिकॉनला एसआय. कथिलाचे लॅटिन नाव स्टॅनम, अँटिमनीचे स्टिबियम. दोघांची सुरुवात एस-टी अशीच, म्हणून कथिलाला पुढचे एन घेऊन एसएन मिळाले. अँटिमनीला त्याने एसटी दिले होते, पुढे त्याचे एसबी झाले.

लॅटिन का? तेव्हा ती विद्वानांची सामायिक भाषा होती, औषधांच्या अधिकृत यादीतही तीच चाले, हे सरळ कारण. त्याचा परिणाम मात्र खोल झाला. आज ज्यांची संज्ञा इंग्रजी नावाशी जुळत नाही अशी मूलद्रव्ये अकरा आहेत. त्यांतली सात म्हणजे लोखंड, तांबे, चांदी, कथिल, सोने, पारा आणि शिसे, हे किमयागारांचे तेच सात धातू. या वस्तू माणसाला हजारो वर्षांपासून ठाऊक आहेत, म्हणून प्रत्येक भाषेत त्यांना घरचे नाव आहे. मराठीतही ही नावे उसनी आणावी लागली नाहीत. कल्हईवाला नवसागर आणि कथिल घेऊन दारी येई तेव्हा त्याला एसएन ही संज्ञा लागत नव्हती. प्रयोगशाळेत जन्मलेल्या हायड्रोजन, हेलियम, युरेनियम यांची नावे बहुतेक भाषांतून थोड्याफार फरकाने सारखीच फिरली. जुन्या धातूंसाठीच सर्वांना चालेल अशा भाषेची गरज होती, आणि कुणाचीच मातृभाषा नसलेली लॅटिन त्या कामी आली. शिशाचे प्लंबम आपल्याकडे वेगळ्याच वाटेने आले आहे. रोमन लोकांचे पाण्याचे नळ शिशाचे असत, त्यावरून नळाचे काम करणारा तो प्लंबर.

उरलेली चार म्हणजे सोडियम, पोटॅशियम, अँटिमनी आणि टंगस्टन. पहिल्या दोघांत गोणीवरच्या त्या अक्षराचे उत्तर आहे. १८०७ मध्ये लंडनला डेव्हीने वितळवलेल्या पोटॅशमधून वीज सोडून एक चमकदार मऊ धातू मिळवला, त्याचे नाव पोटॅशियम ठेवले. लगेच सोड्यातून सोडियम काढले. जर्मन आणि स्वीडिश रसायनतज्ज्ञांनी वेगळी नावे धरली: कालियम आणि नाट्रियम. कालियमच्या मुळाशी वनस्पतींच्या राखेसाठीचा अरबी शब्द आहे, अल्कली हा शब्दही त्यातलाच. नाट्रियम हे इजिप्तमधल्या नॅट्रॉन क्षारावरून आले. त्याच क्षारात प्राचीन इजिप्तमध्ये मृतदेह सुकवून ममी करत. बर्झेलियसने ही नावे उचलून धरली आणि के व एनए या संज्ञा रूढ झाल्या. इंग्रजीत धातूचे नाव डेव्हीचे राहिले, संज्ञा दुसऱ्यांची. टंगस्टनची तऱ्हा अशीच. हा स्वीडिश शब्द, अर्थ जड दगड. संज्ञा डब्ल्यू मात्र वोल्फ्राम या जर्मन नावाची. म्हणजे स्वीडिश माणसाने घडवलेल्या पद्धतीत स्वीडिश नावालाच जागा मिळाली नाही.

अक्षरे निवडणे हा त्यातला सोपा भाग होता. त्या अक्षराच्या पोटात बर्झेलियसने अणूचे वजन घातले. त्याच्या १८२६ च्या तक्त्यातले आकडे आजच्या मापात आणले तर शिशाचा अणुभार २०७.१२ येतो, आज आपण २०७.२ मानतो. नत्राचा १४.०५, आज १४.०१. स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत, हाताने केलेल्या तराजूकामातून हे आकडे निघाले आहेत.

वजन पोटात असलेले अक्षर काय करू शकते, हे चुन्याच्या भट्टीवर पाहावे. शुद्ध चुनखडीचे सूत्र सीए-सीओ-थ्री. कॅल्शियमचा एक अणू ४०, कार्बनचा एक १२, ऑक्सिजनचे तीन प्रत्येकी १६ प्रमाणे ४८. बेरीज १००. भट्टी पेटली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो: १२ आणि ३२ मिळून ४४. मागे राहतो कळीचा चुना, ५६. म्हणजे शंभर किलो शुद्ध चुनखडीतून छप्पन्न किलो चुना मिळणार. भट्टीवाला कितीही कसबी असो, सत्तावन्नावा किलो निघणार नाही. भट्टीजवळ न जाता हे सांगता येते, ते केवळ तीन संज्ञा आणि एका आकड्याच्या बळावर. मुलांना संज्ञांच्या याद्या पाठ करायला लावण्याआधी हा एक हिशेब फळ्यावर करून दाखवला, तर पाठांतराची सक्ती फारशी करावी लागणार नाही, असे मला मनापासून वाटते.

बर्झेलियसच्या लिखाणात आजच्यापेक्षा काही गोष्टी वेगळ्या होत्या. अणूंची संख्या तो अक्षराच्या वरच्या बाजूला लिहायचा. ती खाली उतरली १८३४ च्या सुमारास, जर्मनीत. ऑक्सिजन इतक्या संयुगांत भेटे की त्यासाठी ओ न लिहिता तो मुख्य अक्षरावर टिंबे देई, जितके अणू तितकी टिंबे. क्षार म्हणजे दोन ऑक्साइडांची जोडी अशी त्याची धारणा होती. ती पुढे टिकली नाही, पण ऑक्साइडांत हिशेब मांडण्याची त्या काळची सवय आपल्या गोणीवर आजही आहे. १०:२६:२६ मधला दुसरा आकडा फॉस्फरसचा नाही, पी-टू-ओ-फाइव्ह या ऑक्साइडचा आहे. तिसरा के-टू-ओ चा. हे ऑक्साइड गोणीत प्रत्यक्ष नसतातच. पन्नास किलोच्या गोणीत पालाश तेरा किलो धरला जातो, त्यात पोटॅशियम सुमारे १०.८ किलो असते. स्फुरदही तेरा किलो धरतात, त्यात फॉस्फरस सुमारे ५.७ किलो. नत्राचा आकडा मात्र थेट नायट्रोजनचा: पाच किलो. गोणीवरच्या तीन आकड्यांत दोन वेगळे हिशेब आहेत हे खत घेणाऱ्याला कुणी सांगत नाही, सांगायला हवे.

डाल्टनला ही अक्षरे कधीच पटली नाहीत. विद्यार्थ्याने ही शिकायची तर हिब्रू का शिकू नये, अशा अर्थाचे त्याने १८३७ मध्ये लिहिले. त्याच्या मताकडे आडमुठेपणा म्हणून पाहू नये. त्याच्या वर्तुळांतून अणू एकमेकांशेजारी कसे बसले आहेत हे दिसत असे, अक्षरांतून ते दिसत नाही. रेणूची रचना दाखवायला रसायनतज्ज्ञ पुढे पुन्हा चित्रांकडेच वळले.

अक्षरे मान्य झाली तरी त्यांच्या पोटातल्या वजनांवर एकमत व्हायला अर्धे शतक लागले. डाल्टनने पाण्यात एक हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन धरला होता. बर्झेलियसने वायूंच्या आकारमानावरून दोन हायड्रोजन धरले. तरीही शतकाच्या मध्यापर्यंत अनेक नामांकित रसायनतज्ज्ञ पाणी एच-ओ असेच लिहीत. कार्बन ६ की १२, ऑक्सिजन ८ की १६, यावर सूत्र बदले. आउगुस्ट केकुलेने १८६१ च्या आपल्या पुस्तकात एकट्या अ‍ॅसेटिक आम्लाची तेव्हा वापरात असलेली एकोणीस सूत्रे दिली आहेत. शिरक्यातल्या या साध्या आम्लाची जर ही स्थिती, तर बाकीच्यांचे काय असेल! या गोंधळाला कंटाळून सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूह इथे युरोपभरचे रसायनतज्ज्ञ जमले. तिथे इटलीच्या स्तानिस्लाओ कानिझारोने अणुभार ठरवण्याची सुसंगत पद्धत मांडली आणि तिची पुस्तिका परतणाऱ्यांच्या हाती पडली. त्या परतणाऱ्यांत रशियाचा दिमित्री मेंडेलीव्ह होता. नऊ वर्षांनी त्याने अणुभारांच्या क्रमाने मूलद्रव्ये मांडली.

या मांडणीत, म्हणजे आवर्तसारणीत, न सापडलेल्या मूलद्रव्यांसाठी ठेवलेल्या रिकाम्या जागांना नावे देताना मेंडेलीव्हने संस्कृत अंक वापरले, हे आपल्याकडे बरेच सांगितले जाते आणि ते खरे आहे. सिलिकॉनच्या खाली एक घर रिकामे, म्हणून एका-सिलिकॉन. त्याचा अणुभार ७२ असेल असे त्याने १८७१ मध्ये सांगितले. १८८६ मध्ये जर्मेनियम सापडले, त्याचा अणुभार ७२.६३. मँगनीजच्या खाली दुसऱ्या घरातले ते द्वि-मँगनीज. ते ऱ्हेनियमच्या रूपाने १९२५ मध्ये सापडले. खरे मूलद्रव्य हाती आले की ही नावे बाजूला झाली.

भारताचे नाव मात्र आवर्तसारणीत एका ठिकाणी कायमचे आहे, आणि ते फार थोड्यांना ठाऊक असते. १८६३ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबर्गमध्ये फेर्डिनांड राइश जस्ताच्या खनिजात एक धातू शोधत होता. वर्णपटातली रंगीत रेषा पाहायची होती आणि राइश रंगांध होता. म्हणून पाहण्याचे काम त्याचा सहकारी थिओडोर रिश्टर याने केले. त्याला गडद निळी रेषा दिसली, नीळ म्हणजे इंडिगोच्या रंगाची. त्यावरून नाव इंडियम, संज्ञा आयएन. इंडिगो हा शब्द लॅटिनमधल्या ‘भारतीय’ या अर्थाच्या शब्दातून आला, कारण नीळ युरोपला इथून जात असे. उलट ज्या जस्ताचे ऊर्ध्वपातन राजस्थानातल्या जावर इथे युरोपच्या कितीतरी आधी मोठ्या प्रमाणावर होत होते, त्याची संज्ञा झेडएन युरोपीय नावावरूनच पडली.

हेलियमच्या बाबतीत महाराष्ट्रात सांगितली जाणारी गोष्ट जरा तपासून घ्यायला हवी. विजयदुर्गावर ‘साहेबाचे ओटे’ म्हणून ओळखले जाणारे चौथरे आहेत. दरवर्षी १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिन साजरा होतो, आणि १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियरने तिथून हेलियम शोधला असे सांगतात. त्या ग्रहणाच्या दिवशी लॉकियर इंग्लंडमध्ये होता. सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांचा वर्णपट फ्रान्सच्या ज्यूल जान्सेनने आंध्रातल्या गुंटूरहून पाहिला. लॉकियरने तो ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, इंग्लंडहून पाहिला. त्यातली पिवळी रेषा सोडियमच्या रेषांशी जुळत नाही हे ओळखून त्याने ती नव्या मूलद्रव्याची मानली. लॉकियर विजयदुर्गाला खरोखरच आला होता, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, मोठी मोहीम घेऊन. तोवर विल्यम रॅम्झीने हेलियम पृथ्वीवरच्या खनिजातून मिळवून तीन वर्षे होत आली होती. दोन ग्रहणे लोकस्मृतीत एक झाली असावीत. विजयदुर्गाचा १८९८ चा मान खरा आहे आणि पुरेसा मोठा आहे. त्याला उसन्या गोष्टीची गरज नाही. जाता जाता हेही सांगावे की हेलियमच्या नावातला ‘इयम’ हा शेवट धातूंसाठीचा. लॉकियरला ते धातूच वाटले होते. नंतर सापडलेले निऑन, अर्गॉन, क्रिप्टॉन ‘ऑन’ने संपतात. नावाने एक जुना अंदाज तसाच जपून ठेवला आहे.

संज्ञाही बदलतात. अर्गॉन १९५७ पर्यंत नुसता ए होता, मग एआर झाला. जर्मन पुस्तकांत आयोडीनसाठी जे असे. तो गेल्यापासून जे हे अक्षर आवर्तसारणीत कुठेच नाही. शीतयुद्धाच्या काळात १०४ क्रमांकाच्या मूलद्रव्याला अमेरिकन पुस्तकांत आरएफ आणि सोव्हिएत पुस्तकांत केयू अशा दोन संज्ञा होत्या, कारण दोघांचाही शोधाचा दावा होता. हा वाद १९९७ मध्ये मिटला आणि आरएफ टिकले.

या सगळ्यात जपानची कथा मला सर्वांत हृद्य वाटते. मासाताका ओगावा याने १९०८ मध्ये ४३ वे मूलद्रव्य सापडल्याचे जाहीर करून त्याला निपोनियम नाव दिले, संज्ञा एनपी. दावा टिकला नाही. त्याच्या हाती जे लागले होते ते खरेच नवे होते, पण ते होते ७५ वे, म्हणजे ऱ्हेनियम, हे कितीतरी दशकांनी उलगडले. घर चुकले म्हणून शोध गेला. एनपी ही संज्ञा १९४० मध्ये सापडलेल्या नेपच्युनियमला मिळाली. पुढे कोसुके मोरिता यांच्या गटाने रिकेन संस्थेत जस्ताचे अणुगर्भ बिस्मथवर आदळवले. जस्त ३०, बिस्मथ ८३, बेरीज ११३. २००४, २००५ आणि २०१२ मध्ये एकेक, असे तीन अणू मिळाले. नाव द्यायची वेळ आली तेव्हा निपोनियम घेता येईना, कारण एकदा वापरून मागे पडलेले नाव दुसऱ्या मूलद्रव्याला द्यायचे नाही, असा रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा नियम आहे. म्हणून निहोनियम, संज्ञा एनएच. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये ती कायम झाली. याच काळजीपोटी कोपर्निकसच्या नावाच्या मूलद्रव्यासाठी सुचवलेली सीपी बदलून सीएन केली गेली. सीपी पूर्वी जर्मनीत ल्युटेशियमसाठी चालत असे.

नावे आपापल्या भाषेत आणि संज्ञा सर्वांच्या, ही वाटणी जगभर कशी बसली तेही पाहण्यासारखे आहे. चीनमध्ये शू शौ आणि इंग्रज भाषांतरकार जॉन फ्रायर यांनी १८७० च्या सुमारास शांघायमध्ये प्रत्येक मूलद्रव्यासाठी एकेक चित्राक्षर ठरवले. अक्षराच्या एका भागावरून ते धातू आहे की वायू हे कळते. पारा आणि ब्रोमीन यांच्यात पाण्याची खूण असते. सूत्रे मात्र चिनी विद्यार्थीही रोमन संज्ञांत लिहितो. आपल्याकडे कोशकार डॉ. रघुवीर यांनी मूलद्रव्यांना संस्कृत नावे घडवली होती: ऑक्सिजनला जारक, हायड्रोजनला उदजन. ती मोठ्या तळमळीने आणि व्याकरणाच्या शिस्तीने केलेली होती, तरी रुळली नाहीत. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोगाने मूलद्रव्यांची आंतरराष्ट्रीय नावे ठेवावीत आणि संज्ञा रोमन लिपीत लिहाव्यात असे धोरण घेतले. मराठी पाठ्यपुस्तकांत म्हणूनच हायड्रोजनही आहे आणि तांबेही. हा निर्णय मला योग्य वाटतो, आणि त्याचे एक कारण लिपीतच आहे. देवनागरीत मोठे अक्षर आणि लहान अक्षर असा भेद नाही. सीओ असे लिहिले तर तो कोबाल्ट हा धातू की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू, हे कळायला मार्ग नाही. रोमनमध्ये दुसरे अक्षर लहान काढले की एक अणू, मोठे काढले की दोन. शिक्षक वहीतल्या त्या एका अक्षराच्या उंचीवरून गुण कापतात तेव्हा ते बरोबरच करत असतात.

अजून न सापडलेल्या मूलद्रव्यांचीही सोय करून ठेवलेली आहे. १९७८ च्या ठरावानुसार त्यांना क्रमांकातल्या अंकांवरून तात्पुरते नाव आणि तीन अक्षरांची संज्ञा मिळते: ११९ वे म्हणजे उनउनएनियम, यूयूई. ते मिळवण्यासाठी रिकेनमध्ये व्हॅनेडियमचे अणुगर्भ क्युरियमवर आदळवले जात आहेत. २३ आणि ९६, बेरीज ११९. सापडलेच, तर ते सोडियम-पोटॅशियमच्या उभ्या रांगेत सर्वांत खाली बसेल. नाव सुचवण्याचा हक्क शोधणाऱ्यांचा, पण ते पुराणकथा, खनिज, स्थळ, गुणधर्म किंवा शास्त्रज्ञ यांपैकी कशावरून तरी घ्यावे लागेल आणि ‘इयम’ने संपावे लागेल. संज्ञा दोन अक्षरांची हवी, आणि दुसऱ्या कुणाची नसलेली.